गेरूखालची नागीण

जरीनाभाभींनी नवऱ्याचा शर्ट वर केला आणि मला लाल रंगाशिवाय काहीच दिसेना. डाव्या कमरेवर गेरूचा जाड थर होता. बेंबीपाशी येऊन तो एकदम थांबला होता, रंगारी काम अर्धवट सोडून गेल्यासारखा.

"नमस्कार डॉक्टर," हमीदभाई म्हणाले. "पहिल्यांदाच येतोय तुमच्याकडं."

तीनच दिवसांपूर्वी, बुधवारी, ते याच स्टुलावर बसले होते.

"या," मी म्हणालो. "नाव काय आपलं?"

हे मी आजवर एका माणसाशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. आता लिहूनच टाकतो.

मांडवगण फराट्याला माझा दवाखाना आहे. बुधवारी गर्दी होती. हमीदभाई एकटेच आले. मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकून सहा महिने झाले होते, त्याआधी दौंडला असायचे. "काहीतरी चावलंय, कमरेत आग होतीय. इंजेक्शन द्या, रविवारी दौंडला भाचीचं लग्न हाय," म्हणाले. मी शर्ट वर करायला सांगितलं नाही. कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारलं नाही. अॅलर्जी समजून स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि "पुढचा" म्हणालो.

"काय झालं, भाभी?" आता शनिवारी मी विचारलं.

"काय झालं? ह्यांना नागीण झाली. मला सांगितलं न्हाई. गुपचूप निमोण्याला कुंभार आबाकडं जाऊन बसले रंगवून घ्यायला!"

नागीण म्हणजे एका पट्ट्यात उठणारे, आग होणारे फोड. तिचं तोंड आणि शेपटी कमरेभोवती जुळली की माणूस दगावतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. म्हणून गेरूनं तिची वाट अडवून घेतात. आबा रंगवता रंगवता पथ्य सांगतात. पथ्य सांगायचं म्हणून त्यांनी हमीदभाईंनाही विचारलं, "गोळ्या कशाच्या चालू हायत?"

हमीदभाई बोलून गेले, "किडनी बदललीय, तिच्या."

आबांनी हात थांबवला. अंगावरचा सगळा कपडा काढायला लावला. पाठीवर चार फोड, उजव्या खांद्यावर तीन, मांडीवर दोन. "ही एका वाटंनं चालंना झालीय," आबा म्हणाले. "माझा गेरू कुठं कुठं पुरंल? घरच्या बाईचा नंबर सांगा." आणि त्यांनी स्वतः फोन लावला.

"किडनी कुणाची?" मी विचारलं.

"माझी," जरीनाभाभी म्हणाल्या. "त्यांना वापराया दिलीय. अन् हे असं वापरत्यात."

मी ग्लोव्हज घालून सलाइनच्या पाण्यानं गेरू पुसायला घेतला. खाली फोडांचा दाट पट्टा निघाला. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसेत झोपून राहतो, प्रतिकारशक्ती खाली आली की उठतो. तुमच्या-माझ्यात तो बहुधा एका बाजूच्या एका पट्ट्यापुरता राहतो. दुसऱ्याची किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून ज्यांची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते, त्यांच्यात तो अंगभर पसरू शकतो, फुप्फुसात, मेंदूतही जातो. आणि मी इंजेक्शन देऊन ती आणखी दाबली होती.

"आधी कुणी बघितलं होतं का?" मी विचारलं. विचारणं भाग होतं. न विचारता संशय आला असता.

हमीदभाईंनी छताकडं पाहिलं. "बाजारात एक डॉक्टर होता."

"कसला डॉक्टर!" भाभी कडाडल्या. "बघितलं न्हाई, इचारलं न्हाई, सुई टोचली अन् मोकळा! असली माणसं डॉक्टर हुत्यातच कशी?"

"होतात काही," मी म्हणालो.

"तुम्ही असता तर असं केलं असतं का?"

माझा गॉज खाली पडला. तो शोधायला मला बराच वेळ लागला.

भाभींनी आणलेल्या फाइलवर पुण्याच्या किडनीवाल्या डॉक्टर मॅडमचा नंबर होता. बाहेर जाऊन फोन लावला.

"आधी काही दिलंय?" मॅडमनी विचारलं.

"स्टिरॉइडचं इंजेक्शन. बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास. डाव्या बाजूला."

"कुणी?"

"आहेत एक इथले."

"फार बारकाईनं माहिती ठेवता हो त्यांची," मॅडम म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "पेशंटला आत्ताच्या आत्ता पाठवा. वाटेत त्यांना कांजिण्या न झालेल्या लहान मुलांजवळ बसवू नका."

अॅम्ब्युलन्समध्ये चढताना हमीदभाईंनी माझा हात दाबला. "मी कुठं बोललो न्हाई," हळूच म्हणाले. माणूस मरणाच्या वाटेवर होता आणि माझी अब्रू सांभाळत होता. अर्थात त्यात त्यांचीही थोडी सांभाळली जात होती; गोळ्यांचं त्यांनीही मला सांगितलं नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. विषाणूवरचं औषध शिरेतून द्यायचं, तर ते किडनीला जड. किडनी टिकवणाऱ्या गोळ्या कमी करायच्या, तर शरीर किडनीवर उठणार. मी रोज फोन करून क्रिएटिनिन विचारायचो. किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा हा रक्तातला आकडा. तो दोनदा चढला आणि माझं जेवण दोनदा राहिलं. भाभी सगळ्यांना सांगत, "एवढी काळजी करणारा डॉक्टर बघितला न्हाई." ते ऐकून तिसरंही राहिलं.

चौदाव्या दिवशी हमीदभाई घरी आले. किडनी शाबूत. लग्न अर्थातच हुकलं.

महिन्याभरानं भाभी पेढे घेऊन आल्या. मी पेढा तोंडाशी नेला आणि परत खाली आणला.

"भाभी, बाजारातला तो डॉक्टर मीच होतो."

त्यांनी माझ्या हातातला पेढा काढून घेतला आणि बॉक्समध्ये परत ठेवला. झाकण लावलं.

"शर्ट वर कराया किती वेळ लागतो, डॉक्टरसाब?"

"अर्धं मिनिट."

"अन् गोळ्या इचारायला?"

"तेवढंच."

"बरं," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. मला वाटलं, गेल्या. त्या बाहेरच्या बाकावर बसलेल्यांशी बोलत होत्या, भिंतीतून ऐकू येईल अशा आवाजात. "डॉक्टर मनानं चांगले हायत. पण त्यांना इचारायची सवय न्हाई. आपुनच सांगायचं. गोळ्यांची पिशवी घरनं आणायची, अन् आत गेल्या गेल्या शर्ट वर करायचा."

गावात ते पसरलं. आता माणसं पिशव्या घेऊन येतात. त्यात बीपीच्या गोळ्या असतात, शेजारणीनं दिलेल्या असतात, एका आजोबांनी जनावराचं औषध आणलं होतं आणि ते स्वतःही तेच घेत होते, हे त्यामुळं कळलं. वाचवलेल्या अर्ध्या मिनिटापायी दवाखाना रोज दीड तास उशिरा बंद होतो.

गेल्या गुरुवारी दाढ दुखणारा एक पहिलवान आत आला आणि काही न बोलता शर्ट वर करून पाठमोरा उभा राहिला. मी नीट पाहिलं. पाठ स्वच्छ होती. तसं केसपेपरवर लिहिलं, आणि मग दाढ बघितली.