न्हावऱ्याच्या पुढची दुपार

मे महिन्यात पुणे ते सोलापूर सायकलवर, तेही शिरूर-दौंड अशी वाकडी वाट करून! बायको म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे ना?" ऑफिसातला माझा मित्र सुधीर मात्र तयार झाला. हट्ट माझा होता, एवढं आधीच सांगतो.

पहाटे चारला निघालो. कोरेगाव भीमाला चहा घेतला तेव्हा जेमतेम उजाडत होतं. पुढे शिरूरपर्यंत रस्ता चांगला आहे, फक्त कंपन्यांच्या बसगाड्या अगदी अंगावरून जातात. साडेनऊला शिरूरात मिसळ हाणली. स्टँडजवळ साधे लॉज आहेत. उन्हाळ्यात जाणार असाल तर तिथंच आडवे व्हा आणि चारनंतर निघा.

आम्ही शहाणे, न्हावऱ्याकडे वळलो. थोडा ऊस, थोडा कांदा, मग नुसता उघडा माळ. बाटलीतल्या पाण्यात चहापत्ती टाकायचीच बाकी होती. न्हावऱ्यात सुधीर टपरीच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "चार वाजेपर्यंत इथंच पडू या. डोकं फार ठणकतंय."

"दौंडला पोचून झोप की लेका," मी म्हणालो आणि त्याला उठवलं.

पुढे मी घामानं निथळत होतो, त्याचा शर्ट मात्र कोरडा. मला कौतुकच वाटलं. "तुला घामसुद्धा येत नाही! खरा गडी!"

माळावर मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गप्प उभी होती. लिंबाखाली बसलेल्या एका धनगर आबांनी हाक मारली, "आरं, कुठं निगालाय ह्या उनाचं? मेंढरू बी ह्या वक्ताला पाऊल टाकत न्हाई!" मी हसून हात हलवला, तेवढ्यात मागे सायकल आदळली.

सुधीर रस्त्यावर पडला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, मला ओळखेना. आबा धावत आले.

"घाम कवापासनं न्हाई ह्याला?"

"बराच वेळ झाला."

"आन् तरी चालवत व्हता व्हय तुमी?"

दोघांनी उचलून त्याला शेजारच्या विहिरीवरल्या हौदापाशी नेलं. आबांनी आपलं मुंडासं भिजवून त्याच्या अंगावर टाकलं. मी त्याला पाणी पाजायला गेलो तर आबांनी माझा हात धरला. "त्वांडात नगं. सुद्द न्हाई त्याला, ठसका लागंल. वरनं वता." मी पाणी ओतत होतो आणि रडत होतो. हा मेला तर त्याच्या आईला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

आबांनी कांद्याची पिकअप अडवली. दौंडच्या दवाखान्यात सलाइन लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुधीरनं डोळे उघडून विचारलं, "सोलापूर आलं का?" आणखी दोन दिवसांनी आम्ही रेल्वेनं पुण्याला परतलो. सायकली लगेजच्या डब्यात टाकल्या.

आता सुधीर बरा आहे. त्या दिवशीचं शिरूरच्या पुढचं त्याला काही आठवत नाही. "याच्यामुळे वाचलो," असं तो सगळ्यांना सांगतो. त्याच्या आईनं मला जेवायला बोलावलं, आग्रहानं आमरस वाढला आणि म्हणाली, "देवासारखा होतास रे बरोबर." मी तिसरी वाटी संपवली आणि गप्प बसलो. उन्हापेक्षा ते जास्त भाजतंय.

सुधीर, हे आईला वाचून दाखव. न्हावऱ्यात तू थांबू म्हणाला होतास. मी थांबू दिलं नाही.