आधी पाय दाखव

“चप्पल काढ वं, आधी पाय दाखव.”

आमच्या गटप्रवर्तक ताईंचं प्रत्येक बैठकीतलं पहिलं वाक्य हेच. आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात आम्ही वीस-बावीस आशा सेविका रजिस्टरं मांडीवर घेऊन बसायचो. आमच्या कामावर देखरेख ठेवणं ही त्यांची नोकरी; पण रजिस्टराआधी त्या आमच्या टाचा बघायच्या. भेगा दिसल्या की पिशवीतून मेण-तेलाची डबी निघायची. “पाय टिकले त काम टिकते,” हे त्यांचं दुसरं वाक्य.

मी नवी होते तेव्हा वाटलं, झिजलेल्या चपलेवरून कोण किती फिरलं ते बाई ओळखतात. म्हणून मुद्दाम जुनी चप्पल घालून गेले. त्यांनी चपलेचा तळ पाहिला, मग माझं तोंड पाहिलं. “हे त तुह्या सासूची दिसते,” म्हणाल्या. सगळ्या जणी फिदीफिदी हसल्या.

स्वतः मात्र त्या बारा महिने मोजे घालायच्या. मे महिन्यात, आर्णीच्या रस्त्यावर डांबर चपलेला चिकटायचं तेव्हासुद्धा! तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही हसला असता.

“ताई, काहून एवढी थंडी वाजून राह्यली?”

“मले धूळ सोसत नाही वं.”

आम्हाला ते पटायचं. उभा जन्म धुळीत फिरलेली बाई, तिला म्हणे धूळ सोसत नाही. दुसऱ्यांच्या आजारांची लक्षणं पाठ असलेल्या आम्ही. एकीलाही शंका आली नाही.

कापसानं रडवलेली ती वर्षं होती. गावागावांत माणसं जीव देत होती आणि आमच्या हाती एक कागद आला होता. झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नको वाटतं का, असं घरोघरी विचारायचं. माझ्या आळीत एक बाई होती, कापूस वेचायला माझ्याच सोबत जाणारी. तिला विचारलं तर हसून म्हणाली, “मले काय धाड भरली?” मी ‘ठीक’ असं लिहून पुढच्या घरी गेले. पंधरा दिवसांत तिनं जीव दिला.

रजिस्टर परत करायला मी घराबाहेर पडतच होते, तर ताईच दारात.

“मी नाही करत आता, ताई. मले माणूस ओळखता येत नाही.”

त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं. मी अनवाणीच निघाले होते.

“चप्पल घाल. राजीनामा उद्या देजो. आज माह्यासंग चाल.”

त्या मला तिच्याच घरी घेऊन गेल्या. ओसरीत कापसाचा ढीग होता आणि तिची म्हातारी सासू त्यातला पालापाचोळा काढत बसली होती. ताई तिच्या शेजारी बसल्या आणि पाला काढू लागल्या. मीही बसले. हातातला पाला टाकत म्हातारी म्हणाली, “मलेबी नाही सांगतलं वं तिनं.” मग ती रडली, आणि मीही पोटभर रडले.

निघताना ताई एवढंच बोलल्या, “उद्याबी येजो इकडं. कागद आणू नको.”

राजीनामा राहूनच गेला.

पुढं दोन बैठकांना ताई आल्या नाहीत. साखरेच्या आजारानं पायाची जखम चिघळली आणि यवतमाळला दोन बोटं कापावी लागली, असं कळलं. मोज्याआडची ती जखम वर्षभराची होती. त्यांच्या जागी फिरायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून रजा घेतली नाही. मला त्यांचा राग आला, मग आमचाच आला. दर महिन्याला पाय पुढं करणाऱ्या आम्ही बावीस जणी. ‘ताई, तुमचे पाय?’ असं एकीनंही विचारलं नव्हतं.

मेण-तेल कढवून, डबी भरून मी दिग्रसला त्यांच्या घरी गेले. त्या खाटेवर बसल्या होत्या, पायांवर चादर होती.

“ताई, पाय दाखवा.”

त्यांनी चादर आणखी ओढून घेतली. “आधी तुहे.”

आणि मी वेडीनं चप्पल काढून पाय पुढं केले. त्यांनी वाकून एकेक टाच अंगठ्यानं दाबून पाहिली. “बरे हायेत,” म्हणाल्या. चादर मात्र सोडली नाही.

त्यांचे पाय मी पाहिले ते महिन्याभरानं, त्यांना शेवटची अंघोळ घालताना. टाचांना भेगाच भेगा होत्या. ती डबी अजून माझ्या पिशवीतच होती. मी लावलं.