तिसऱ्या मजल्यावरची धवलारीण

बोलता बोलता ती दोन बोटं कमरेशी खुपसायची आणि लुगडं सैल करायची. "कुनी आवलून ठेवलंय गो मना?" असं म्हणून समोरच्याकडे अशी बघायची, जणू गाठ त्यानंच मारली आहे. खरं तर लुगडं आधीच इतकं सैल असायचं, की ते कधी सुटून पडेल याची सुनेला धास्ती वाटे.

विचुंब्याच्या आमच्या इमारतीत ती तिसऱ्या मजल्यावर राहायची. इमारत उभी होती ती जमीन तिच्याच घरची. बिल्डरनं बदल्यात फ्लॅट दिला, लिफ्ट मात्र दिली नाही. तळमजल्यावर माझा फिजिओथेरपीचा छोटासा दवाखाना होता, म्हणून मला ती 'मोडतोडवाली' म्हणायची. "काय गो मोडतोडवाले, आज कुनाचा हात पिलतेस?" हे जिन्यातूनच यायचं, पाठोपाठ ती. विमानतळ येणार, येणार अशा नुसत्या गप्पा चालायच्या तेव्हाची ही गोष्ट.

ती धवलारीण होती. आमच्या भागातलं एखादं आगऱ्यांचं लग्न तुम्ही पाहिलं असेल, तर धवलारिणीचा मान तुम्हाला ठाऊक असेल. ती धवले गाते आणि तिच्या गाण्यावर लग्नाचे विधी पुढे सरकतात. "मी बोलावल्याबिगर देव मांडवात येत नाय," असं ती सांगायची. गंमत म्हणून नव्हे, आपण दूधवाल्याबद्दल सांगतो तितक्या सरळपणे.

कमरेचा तो आवळ काही सुटेना. कोणी गॅस म्हटलं, कोणी पित्त. तिनं स्वतः दोष लुगड्याला दिला. आयुष्यभर काष्टा घट्ट मारला, त्याचाच हा वळ आत उतरला, अशी तिची खात्री. मग एक दिवस तिनं काय करावं? सुनेचा फुलाफुलांचा गाऊन अंगात घातला आणि तशीच खाली आली. इमारतीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. ती मात्र पायरीवर बसून राहिली. थोड्या वेळानं मला म्हणाली, "लुगडं घरी हाय गो. मंग मना कोन आवलतंय?"

तेव्हा मला हसू आलं नाही.

त्यानंतर तिच्या चपला हरवू लागल्या. चालता चालता एक पायातून निसटायची आणि हिला पत्ताच नाही! घरी येऊन बघावं तर एक पाय अनवाणी. "पलाली मेली," म्हणून ती चपलेलाच शिव्या घालायची. मी तिला टेबलावर निजवलं, डोळे मिटायला सांगितले आणि पायाचा अंगठा हळूच वर-खाली केला. "मावशी, अंगठा वर आहे की खाली?"

"वर," ती म्हणाली. मग थांबून, "नाय, खाली. तू सांग ना, तुजा चेहरा बघू दे."

माझा चेहरा तिनं न पाहिलेलाच बरा होता. पाय तिचे होते आणि त्यांची खबर तिला लागत नव्हती. मी तिच्या मुलाला बोलावून घेतलं आणि म्हटलं, आता गॅसच्या गोळ्या पुरे, हे दुखणं पाठीच्या कण्यात आहे.

एमआरआयसाठी ती जिन्यावरून बसत बसत, एकेक पायरी घसरत उतरली. त्या यंत्राच्या बोगद्यात सरकवल्यावर तिनं मोठ्यानं धवला धरला. तंत्रज्ञ बाहेरून ओरडतोय, "आजी, गाऊ नका, फोटो हलतो!" आणि आतून आवाज, "मंग मना भाईर काढ! इथं देव नाय नि वारा नाय." शेवटी ती गप्प झाली. बाहेर आली तेव्हा तिचं तोंड घामानं भिजलं होतं आणि तिनं माझं मनगट कितीतरी वेळ सोडलं नाही.

दुखणं दुर्मीळच निघालं. आपल्या मणक्यांना आतल्या अंगानं जोडणारा एक पिवळसर पट्टा असतो. तिचा तो पाठीच्या मध्यावर हाडासारखा कडक आणि जाड झाला होता आणि समोरच्या मज्जारज्जूला दाबत होता. आवळ होता तो तिथला. सर्जन भला माणूस होता. पाठीमागून शिरायचं, वाढलेलं हाड घासत घासत पापुद्र्याएवढं पातळ करायचं आणि अलगद उचलायचं, असं त्यानं सांगितलं.

"कोलंबीचा दोरा कारतात तसा?" तिनं विचारलं.

"तसंच समजा. फक्त इथे दोरा ठेवायचाय आणि कवच काढायचंय."

"नि दोराच तुटला तर?"

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. ऑपरेशन नाही केलं तर पाय हळूहळू जाणार. केलं तर वाचतील, पण त्याच टेबलावर एकदम जाऊही शकतात. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "हिकडं आड नि तिकडं विहीर. पानी कुठलं गोड हाय ते सांग मना."

मुलगा घाबरला. थांबू, बघू, असं करता करता पावसाळा गेला आणि पाय लाकडासारखे ताठ झाले. घसरत उतरणंही संपलं. आता तिच्या वाट्याला तीन खोल्या आणि एक खिडकी. लग्नाचं आमंत्रण द्यायला माणसं जिने चढून यायची. ती पलंगावर ताठ बसून "घसा बसलाय" म्हणून सांगायची, पाय बसलेत हे सांगायची नाही. मी रोज व्यायाम द्यायला वर जायची. इमारतीतले पुरुष तयारच होते, खुर्चीत बसवून खाली नेऊ म्हणायचे. ती हात जोडायची. "चार जनांनी उचलून जिना उतरायचा तो एकदाच. मंग परत कोन आनत नाय."

एका संध्याकाळी मी वर गेले तेव्हा समोरच्या मोकळ्या जागेत हळदीचा मांडव घातला होता. धवलारीण मिळाली नसावी, कारण स्पीकरवर कॅसेटमधले धवले लावले होते. ती खिडकीचे गज धरून बसली होती. "चुकीचा लावलाय," ती म्हणाली. "हा धवला हलदीचा नाय. कुनाला कलतंय काय?" आणि ती रडली. तिला रडताना मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. डोळे पुसून ती मुलाला म्हणाली, "डॉक्टरला फोन कर. विहीर तर विहीर."

पण खाली न्यायचं कसं? चौघांशिवाय खुर्ची हलेना आणि चौघं तिला नकोत. सगळे जिन्यात खोळंबले. तिनं बसल्या बसल्या विचार केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "तीन बापे नि चौथी ही. बाया खांदा देत नायत. मंग ही तिरडी नाय झाली." मी पदर खोचला. तिन्ही मजले ती मला सूचना देत होती. "सरल धर, मोडतोडवाले, मी कलंडतेय."

ऑपरेशन बरेच तास चाललं. शुद्धीवर आल्यावर तिनं आधी पाय नाही हलवले. हात कमरेवर फिरवला आणि म्हणाली, "सोरला गो. सोरला मना." आवळ गेला होता. पाय मात्र अर्धेच परत आले. महिनाभराच्या व्यायामानंतर वॉकर घेऊन खोलीभर चालेल, जिना विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

ॲम्ब्युलन्स इमारतीशी थांबली. खुर्ची तयार होती. ती वर बघत बसली आणि म्हणाली, "नाय. मी वर गेली का परत तुमच्या हातात. मना आपट्याला ने, लेकीकडं. तिचं घर जमिनीवर हाय." मुलगा पांढरा पडला. मुलगा असताना आई लेकीच्या दारात राहणार, गाव काय म्हणेल?

"गाव बोलल," ती म्हणाली. "गावाला जिना चरायचा नाय."

आज ती नाही. पण शेवटची भेट झाली ती आपट्याला. तिची लेक आणि मी बाजारातून एकदमच दाराशी पोचलो. दार आतून लावलेलं. लेकीनं कडी वाजवली.

आतून आवाज आला, "थांबा, मीच येतंय."

मग वॉकर टेकल्याचा आवाज, मग पाय ओढल्याचा. पुन्हा वॉकर. मध्येच बराच वेळ काहीच नाही. मागचं दार उघडं होतं, लेकीला तिकडून आत जाता आलं असतं. तिनं हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. आम्ही दोघी उन्हात उभ्या राहिलो आणि कडी निघेपर्यंत जागच्या हललो नाही.