किड्यांची बाटली

"तोंड उघडा," मी म्हणालो. फुलवंताच्या दातांमधून माझं एक बोटही आत जाईना. गाल टम्म फुगलेला, सूज जबड्याखाली उतरलेली. पेजही गिळवत नव्हती.

बोलत होते ते तिचे सासरे, दवनीवाड्याचे झनकलालजी. गोंदियाच्या माझ्या दवाखान्यात ते पुरावाच घेऊन आले होते. बाटलीत पाणी, पाण्यात पांढरे किडे, म्हणे सुनेच्या दाढेतले!

"बजारातल्या दाढवाल्यानं रिंगणीच्या बियांचा धूर देऊन काढले. मी सोता पाह्यलो. चिरफाड कायले करता, डाक्टर?"

"मग सूज वाढून काऊन राहिली?"

"किडे चिडले ना!"

किडे चिडत नाहीत, चिडतो डॉक्टर. दुखणं अक्कलदाढेचं होतं. ही शेवटची दाढ विशीच्या आसपास येते. सरळ आली, घासता आली, तर तिला हात लावू नये. आडवी अडकली की हिरडीखाली शितं कुजतात, पू होतो, जबडा धरतो. पू गळ्यात उतरला तर श्वासच कोंडतो. आधी पू काढायचा, पेनिसिलिन टोचायचं, तोंड उघडलं की दाढ काढायची.

सासरे ऐकेनात. "आणखी एक बार धूर देऊन पाहू." उरलेल्या बिया त्यांच्या खिशातच होत्या.

"द्या इकडे." मी परातीत पाणी घेतलं, मधोमध वाटीत शेगडीतले निखारे ठेवले, त्यांवर बिया टाकल्या. फटफट फुटल्या. आतले पांढरे कोंब उडून पाण्यात पडले. हुबेहूब बाटलीतले किडे.

"झनकलालजी, या परातीची कोणती दाढ दुखून राहिली?"

सासऱ्यांनी बाटली टेबलाखाली सरकवली. मग हळूच म्हणाले, "करा तुमचं."

पू निघाला. सूज ओसरली, तोंड उघडलं, तेव्हा दाढ दिसली. पुढच्या दाढेत आडवी घुसलेली. काढली. सासऱ्यांनी लगेच स्वतःचा जबडा पुढे केला, "माहीबी काढून टाका." त्यांची सरळ, स्वच्छ होती. "राहू द्या," म्हटलं, तर रुसले.

पुढे 'अडकलेली अक्कलदाढ वेळेवर काढा' अशी प्रचाराची पत्रकं वाटायला मी दवनीवाड्याच्या बाजारात गेलो. दाढवाला जागच्या जागी. वर ओरडत होता, "गोंदियाचा डाक्टरबी आता धूरच देते!"

माझं पत्रक कुणी घेईना. तेवढ्यात गर्दीतून बाईचा खणखणीत आवाज आला, "हो, देते ना! पण परातीले देते!"

फुलवंता होती. सगळा बाजार हसला.

वेळेवर दाढ काढली की तोंड असं उघडतं. पत्रकात एवढं एकच वाक्य छापलं असतं तरी पुरलं असतं.