सत्तारचाचांनी वाटलेला कॅट

सत्तारचाचा पान टाकण्याआधी वर धरून सगळ्यांना दाखवत. एक जण जरी हसला नाही, तरी पान खाली पडत नसे. "आधी हसा, मग डाव. आजोबांनी डोळे फोडून चित्रं काढलीत ती काय हुकूम मोजायला?"

चाचांचे आजोबा छापखान्यात दगडावर चित्रं काढत. त्यांनी काढलेला हा पत्त्यांचा कॅट शंभर वर्षांपूर्वीचा. चौकटचा राजा म्हणजे फायलींची उशी करून घोरणारा गोरा साहेब. इस्पिकची राणी लाटणं उगारून उभी. बदामचा गुलाम साहेबाच्या बुटाला पॉलिश करताना आत थुंकतोय. इंग्रजांच्या राज्यात असलं छापायचं! आम्ही कार्यकर्ते आज साधं पत्रक काढतो तर आधी वकिलाला दाखवतो.

नारायण पेठेतल्या कट्ट्यावर चाचा आणि त्यांचे तीन दोस्त रोज मेंढीकोट खेळत. मी दिसले की चाचा विचारत, "काय पत्रकवाली, आज कुणाचा निषेध?" मग पार्किंगसाठी कट्टाच तोडायचं ठरलं. मी सह्या घेतल्या, जेसीबीपुढे बसले. तरी तोडला. म्हाताऱ्यांना उठवून तिथे गाड्या बसवल्या, आणि याला म्हणे विकास!

चौकडी फुटली. मानेकाका मुलाकडे कात्रजला गेले, काळेमास्तर लेकीकडे लोणी काळभोरला, तिसरे जोशीबुवा घराबाहेर पडेनात. फोनवर नुसतं "बघू पुढच्या आठवड्यात." मी म्हटलं, "चाचा, कोर्टात जाऊ."

"कोर्ट कट्टा देईल गं. माणसं कोण देणार?"

दुसऱ्या दिवशी ते बसने निघाले. तिघांच्याही घरी जाऊन प्रत्येकाच्या हातात तेरा-तेरा पानं ठेवली, उरलेली तेरा स्वतःकडे. कॅट बघायला आलेल्या एका संग्राहकाने हे ऐकून कपाळावर हात मारला. "अहो, एवढा दुर्मिळ कॅट फोडलात?"

चाचा म्हणाले, "पानं वाटल्याशिवाय डाव सुरू झालेला बघितलाय का आपण कधी?"

मी थक्क झाले. आमची सगळी पत्रकं एकीकडे आणि हा माणूस एकीकडे.

शनिवारी काळेमास्तरांचा फोन. "सत्तार, राणी इथे लाटणं घेऊन बसलीय. राजा कुणाकडे आहे? उद्या कुठे जमायचं बोल!" तेव्हापासून दर रविवारी कुणा ना कुणाच्या घरी डाव पडू लागला. जोशीबुवासुद्धा रिक्षा करून येत.

गेल्या थंडीत चाचा गेले. त्यांच्या सुनेने रुमालात बांधलेली तेरा पानं मला आणून दिली. मला मेंढीकोट धड येतही नाही. पण त्याच संध्याकाळी मानेकाकांचा फोन आला.

"रविवारी दहाला ये. उशीर करू नकोस. तुझ्यावाचून आमचं अडेल, अशी सोय करून गेलाय तो."