फिर्मिनचे दगड

माझा मेहुणा फिर्मिन एका जागी पाच मिनिटं बसला, तर देव पावला म्हणायचं. बावीस वर्षं तो नौदलाच्या सुरुंग शोधणाऱ्या जहाजावर होता. महायुद्धातले सुरुंग आमच्या समुद्राच्या तळाशी अजून पडून आहेत. पाण्यात आवाज सोडायचा, पडद्यावर उमटलेली सावली बघायची आणि सुरुंग की दगड ते ठरवायचं, हे त्याचं काम. खालून स्फोट झाला तर पाय मोडू नयेत म्हणून हे लोक डेकवर गुडघे वाकवून उभे राहतात. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी गडी आमच्या ऑस्टेंड बंदरातल्या बेकरीत पावाच्या रांगेतही तसाच उभा असतो. लोक हसतात. मीही हसायचो.

मार्चमधल्या एका रविवारी तो जेवायला आला. कोळंबी सोलता सोलता मी म्हटलं, उद्या वाळूच्या पट्ट्यापलीकडे, जुन्या तरंगत्या बोयाजवळ जाळं टाकतो. फिर्मिनचा हात थांबला.

"तिथे नको, दाजी."

"का? तुझ्या बापाची जागा आहे?"

"माझाही बापच तो," माझी बायको गोदेलीव्ह म्हणाली. "फिर्मिन, तोंड उघड की जरा!"

तेव्हा तो बोलला. "अठ्ठावीस वर्षं झाली. तिथे गोल सावली दिसली होती. शंका आली की पाणबुड्याला खाली पाठवायचं, हा नियम. पण आमचा एकुलता पाणबुड्या विलफ्रीड तापानं फणफणला होता आणि सगळ्यांना घरचे वेध लागले होते. मी 'दगड' लिहून टाकलं."

"मग असेल दगडच."

"आणि नसला तर? तुमचं जाळं त्याला वर ओढेल."

माझं डोकंच फिरलं. "इतकी वर्षं माझ्याच टेबलावर जेवतोस! तोंडात बोळा कोंबला होता का?"

"लाज वाटायची," तो म्हणाला.

सोमवारी मी समुद्रावर गेलोच नाही. नौदलाला फोन मीच केला. गुरुवारी त्यांचं जहाज आलं, पाणबुड्या उतरला आणि दुपारी बंदरावर निरोप आला. दगड! शिंपल्यांनी भरलेला, गोल, भला थोरला दगड.

मी बुटांसकट त्याचा जिना चढलो. "अरे फिर्मिन, दगडच निघाला! उगाच जीव जाळलास!"

तो हसला नाही. पलंगावर नकाशा पसरला होता, आणि त्यावर पेन्सिलीनं काढलेले गोल.

"विलफ्रीड आठवडाभर पडून होता, दाजी. मी सतरा दगड लिहिले. हा एक झाला."

त्यातल्या निम्म्या गोलांवरून मी दर आठवड्याला जाळं ओढतो.

"उद्या कुठे टाकणार?" त्यानं विचारलं.

नकाशावर बोट ठेवायला माझा हात धजेना.