म्हणजे किती?

आमच्या सरांपुढं ‘थोडं’ म्हणायची सोय नव्हती. लातूरच्या गंजगोलाईजवळच्या हॉटेलात मालकानं प्रेमानं विचारावं, “सर, थोडा रस्सा वाढू?” की सर चष्म्यावरून बघत विचारणार, “म्हणजे किती?” मालक पळी आपटायचा. आमच्या बॅचनं त्यांचं नावच ‘म्हणजे किती सर’ ठेवलं होतं आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी कंधारला, आपल्या घरी, सर वारले. वर्गात शिकवताना माझ्या तोंडून ‘थोडंसं’ निसटलं की अजून मी जीभ चावते.

भूकंपानंतरच्या वर्षांत लातुरात घरांपेक्षा कोचिंग क्लासच जास्त उभे राहिले, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. नांदेड, उदगीर, पार हिमायतनगरहून मुलंमुली ट्रंका घेऊन यायची. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं होतं. मलाही, म्हणजे माझ्या आईला. त्या धबडग्यात इंग्रजीला विचारतो कोण? आठवड्यातून एक तास, तोही दुपारचा, जेवण अंगावर आलेलं असताना. त्या एका तासात सर एकच शब्द घेऊन बसायचे. फळ्यावर ‘लिटल’ लिहायचे आणि म्हणायचे, “हं, याला मराठीत आणा. बघू कुणाकुणाच्या घरी काय काय म्हणतात.”

मग काय, घराघरातलं बाहेर निघायचं. चिमूटभर मीठ, घोटभर चहा, मूठभर दाणे, ओंजळभर फुलं, तीळभर अक्कल. कुणाची आजी ‘वाईच’ म्हणायची, कुणाची ‘उलसं’. सर एका जाड वहीत सगळं उतरवून घ्यायचे आणि खूश व्हायचे. “बघा, इंग्रजाचं एका शब्दात भागतं. आपल्याला हात, तोंड, बोटं सगळं लागतं.” म्हणीवाक्प्रचार आले की आमची फजिती ठरलेली. ‘अ लिटल बर्ड टोल्ड मी’ याचं मी खुशाल ‘मला एका लहान पक्ष्याने सांगितले’ असं करून दिलं होतं. सरांनी वही वर धरली. “बाई, लातुरात पक्षी बोलायलेत का? मग तुम्ही इथं कशाला, पेपरात बातमी द्या!” ‘कुणकुण लागली’ हे उत्तर मी जन्मात विसरणार नाही.

क्लासच्या मालकांना हे अजिबात पसंत नव्हतं. एका शब्दाला अख्खा तास? एकदा ते आमच्यादेखतच म्हणाले, “सर, याला परीक्षेत मार्क किती?” सर एरवी गरीब गाय, पण त्या दिवशी आवाज चढला. “ही पोरं उद्या डाक्टर होणार न्हाईत का? पेशंट काय आकड्यात बोलणार हाय?” मालक ऑफिसात निघून गेले. सर इतके का तापले, ते तेव्हा आम्हाला कळलं नाही.

ते कळलं पुष्कळ वर्षांनी. मेडिकलला माझा नंबर लागला नाही (आईनं अजून माफ केलेलं नाही), मी इंग्रजी घेऊन एमए झाले आणि त्याच क्लासात सरांच्या हाताखाली शिकवू लागले. एका दुपारी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. सर आपणहून बोलायला लागले.

भूकंपात बाहेरदेशांतून डॉक्टर आले होते. इंग्रजी बोलणारी माणसं हवीत, असा निरोप आला आणि सर गेले. त्यांच्या वाट्याला हॉलंडचा एक उंच डॉक्टर आला. तंबूत ओळीनं जखमी. बाहेर दवाखान्यात न्यायला जीप उभी. तिच्यात एकाच माणसाला आडवं नेता येत होतं. डॉक्टर एकेकाला बघत, विचारत चालला होता. पायाला चिंध्या गुंडाळलेल्या एका मावशींना त्यानं विचारलं, किती दुखतंय? मावशी हसून म्हणाल्या, “थोडं.” सरांनी सांगितलं, “अ लिटल.” डॉक्टरनं आपल्या भाषेत वहीत टिपलं आणि तो पुढं गेला. दुसऱ्या कुणाला तरी जीपमध्ये घातलं. मावशींचा पाय सडला, चार दिवसांनी कापावा लागला.

“मी त्याला विचारलं होतं, तू काय लिहिलंस? म्हणाला, ‘बेच्ये’. त्यांच्यात थोड्याला तसं म्हणतात. थोडं, लिटल, बेच्ये, तिन्ही शब्द बरोबर, अन् बाईचा पाय गेला.” सर खिडकीकडं बघत होते. “मी कंधारचा माणूस. पानावर बसलेला पाव्हणा ‘थोडंच वाढा’ म्हणतो, तेव्हा आपण काय थोडं वाढतो का? परक्यापुढं आपली माणसं भूक सांगत न्हाईत, दुखणं सांगत न्हाईत. हे सगळं मला म्हाईत होतं. मग नेमका तिथंच मी इंग्रजीचा मास्तर कसा झालो?”

मला रडू आलं. मी उठून चहा मागवला.

निवृत्त होऊन कंधारला परतायच्या आधी त्यांना मावशींची माफी मागायची होती. इतकी वर्षं धीर झाला नव्हता. “तुझ्या स्कुटीवर नेशील का?” म्हणाले. रविवारी आम्ही निघालो. मागं बसून सर वाटभर काय बोलायचं त्याची उजळणी करत होते, परीक्षेला निघालेल्या मुलासारखी.

गाव नवं वसवलेलं, सरळ गल्ल्यांचं. मावशी ओसरीत बाजेवर बसल्या होत्या, कुबडी भिंतीला टेकवलेली. सुनेनं चहा आणला. सरांनी कप हातातही घेतला नाही. उजळणी सगळी वाया. एका दमात बोलून टाकलं. “मावशी, त्या गोऱ्या डाक्टरसंगं मीच होतो. तुम्ही थोडं म्हणालात, मी तसंच सांगितलं. तुमचा पाय माझ्यापायी गेला. मला माफ करा.”

मावशींनी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, “अवं गुरुजी, म्या म्हनले तेच तुमी सांगितलं की!”

“पण दुखत तर लई असंल.”

“लई? जीव जातो का काय, असं दुखत व्हतं. पर गाडीत जागा एकाचीच. म्या लई म्हनले असते, तर मलाच न्हेलं असतं.” त्यांनी हनुवटीनं सुनेकडं दाखवलं. “ही शेजारी पडली व्हती. पोटात मार, सुद न्हाई. हिला कुठं सांगता येत व्हतं किती दुखतंय ते? म्हून म्या थोडं म्हनले. तुमी नीट पोचवलं, म्हून ही हाय.”

सून पदरानं तोंड झाकून आत गेली. सर उठले, खाली वाकले आणि मावशींच्या त्या एका पायावर डोकं ठेवून तसेच राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मावशी गडबडून त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणत होत्या, “उठा गुरुजी, उठा. च्या निवला बगा.”